एडक्याच्या दिव्याची जोडी

शिरूरला मी आप्पांची खोली भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला गाव, पगार, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. बंडीच्या खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढलं, माझ्या हातातल्या नव्या कुलपाची कडी त्यात धरली, आकडा वाचला आणि म्हणाले, "बारीक हाय. दुसरं आण." मी दुसरं आणलं. त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो, आणि त्यांनी मोजली नाही अशी माझी एकही वस्तू त्या खोलीत उरली नाही.

मी ठिबक सिंचनाच्या कंपनीत सर्व्हिसचं काम करायचो. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे होते. कुणाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, कुणाचा फिल्टर चोंदला, की मोटरसायकलवरून मी हजर. आप्पांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए ठिबक" म्हणायचे. माझी आई एकदा भेटायला आली, तेव्हा तिलाही त्यांनी "ठिबकच्या आई, बसा" म्हटलं.

आप्पा एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेले पॅटर्नमेकर. ओतकामात धातूची वस्तू पाडायची तर आधी तशीच लाकडाची वस्तू करावी लागते. ती वाळूत दाबायची, वाळूत तिचा साचा उठला की त्यात वितळलेला धातू ओतायचा. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. आप्पांनी तीस-बत्तीस वर्षं दुसरं काही केलं नाही. गिऱ्हाईक सँपल पाठवी आणि आप्पा बरहुकूम पॅटर्न करीत. सँपलवर कुणाचा ओरखडा असला तरी तो पॅटर्नवर येई. वरच्या साहेबांनी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "सँपलमध्ये हाय."

माणसाला देव लागतो, तसं आप्पांना सँपल लागायचं. नानींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या भाकरीचंही सँपल होतं. आप्पांच्या आईची भाकरी. ती आता कुठून आणायची? पण आप्पांना तिची जाडी पाठ होती आणि ते पहिल्या घासाआधी कॅलिपर लावून बघत. एके दिवशी नानींनी ताटात चटणी, कांदा आणि भाकरीच्या जागी ते कॅलिपरच वाढलं. त्या दिवसापासून ते जेवताना बाहेरच्या खोलीत ठेवलं जाऊ लागलं.

दुसऱ्या खिशात लाल खडू. नापास मालावर फुली मारायची कारखान्यातली सवय निवृत्तीनंतर सुटायच्याऐवजी मोकाट सुटली. वांग्यावर फुली. तिरक्या छापलेल्या लग्नपत्रिकेवर फुली. चौकातल्या नव्या गतिरोधकावर चांगली हातभर फुली. शेजारी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीवर फुली निघाली आणि ते लग्न मोडता मोडता राहिलं. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, की गाडीचा डावा दरवाजा तीन मिलिमीटर खाली आहे, मुलाबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही.

तर अशा या माणसाच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या डाव्या अंगाला, फुली मारण्याची कुणाची छाती होणार नाही असा तो दिवा होता.

हातभर उंचीचा, भिंतीला लावायचा. वर रिबिनीची गाठ, तिच्याखाली पानांचा हार, हाराच्या मधोमध वळलेल्या शिंगांचं एडक्याचं तोंड, आणि त्या तोंडाखालून निघालेल्या दोन वळणदार फांद्या. फांद्यांच्या टोकांना मेणबत्त्यांच्या वाट्या. सगळं ब्राँझचं, वरून सोन्याचा मुलामा. तोही सगळीकडे सारखा नाही. शिंगं, रिबीन, वाट्यांच्या कडा झळझळीत, आणि पानांचे खोलगट भाग हळदीसारखे मंद ठेवलेले. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, देवळातलं काही असेल. "देवाचा न्हाई," आप्पा म्हणाले. "फ्रान्सचा हाय. निओक्लासिकल."

हा शब्द ते इतक्या सहज उच्चारत, की समोरचा माणूस घाबरून मान डोलवायचा. गल्लीत मात्र सगळे त्याला एडक्याचा दिवा म्हणत. आप्पांनी मोबाईलवर वाचून वाचून त्या दिव्याची सगळी कुळकथा काढली होती. वीजवाला मीटर बघायला आला तरी ती ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. "पयल्या काळात त्या लोकांचे दिवे कसं व्हते? नुसत्या वेलबुट्ट्या. एक फांदी हिकडं, एक तिकडं, काय ताळतंत्र न्हाई. मग जमिनीखाली जुनी रोमन गावं सापडली. तिथलं खांब बघितलं, कळस बघितलं, आन् ह्यांचं डोळं उघडलं. म्हणले, बास झालं वाकडंतिकडं. सरळ रेघ पायजे. डावीकडं एक, तर उजवीकडं एक. ह्या ष्टाईलचा जीव कशात हाय? सिमेट्रीत." मीटरवाला म्हणायचा, "आप्पा, युनिट जास्त आल्यात." आप्पा म्हणायचे, "त्ये ऱ्हाऊ दे. सिमेट्री म्हंजी काय सांग."

त्या दिव्याला त्यांनी वायर लावू दिली नाही, कारण वायरला भोक पाडावं लागलं असतं. मेणबत्त्या वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला. एरवी वीज गेली की आप्पा टॉर्च घेऊन दिवा बघत बसायचे. घरात अंधार, आणि टॉर्चच्या उजेडात दिवा. नानी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तेवढीच टार्च हिकडं धरली असती तर आमटी दिसली असती."

आणि टीव्हीच्या उजव्या अंगाला, दिव्याच्या बरोबर समोरासमोर, एक मोकळा खिळा होता. त्यावर नानींना कॅलेंडर लावायचं होतं. आप्पा लावू देत नव्हते. तो खिळा दुसऱ्या दिव्याचा.

दिवे मुळात दोन. आप्पांचे आजोबा दौंडला एका रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात दिवाबत्तीला होते. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्यानं ही जोडी आजोबांना दिली, कारण आख्ख्या नोकरीत आजोबांनी तिला फडक्याखेरीज काही लावलं नव्हतं. लोक पितळेची भांडी घासतात तसा हा दिवा चिंचेनं घासला, की सोनं चिंचेबरोबर निघून जातं. ही गोष्ट आजोबांना ठाऊक होती, वडलांना ठाऊक होती आणि आप्पांच्या तर ती हाडात होती. जुन्या तीन खणी घरात मधल्या दाराच्या दोन बाजूंना दोन दिवे होते.

वडील गेले, आणि शेत आप्पांच्या नावावर करायचं म्हणून आप्पांची बहीण केडगावहून शिरूरला आली. आपल्याकडे बहिणींनी ही सही करायची असते, नाही केली तर ती वाईट ठरते. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. पेन खाली ठेवताना एवढंच म्हणाली, "दादा, दोन दिव्यांतला एक मला दे." कचेरीतले साक्षीदार होते, आप्पांना नाही म्हणता येईना. तिनं दिवा नेला, आणि त्या दिवसापासून आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

"शेत मागितलं असतं तर अर्धं दिलं असतं," आप्पा मला म्हणाले. "शेताचं दोन तुकडं व्हत्यात. जोडीचं व्हत न्हाईत. जोडी फोडली तिनं." बहिणीला ते नावानं किंवा नात्यानं काही म्हणत नसत. "केडगाववाली" म्हणत. जणू ती एखादी एसटी होती.

माझं केडगावला जाणं-येणं आहे हे कळलं आणि आप्पांनी मला वकील नेमलं. "तिकडं गेलास तर सांग तिला, चिंच लावू नको म्हणावं."

"आणि बाकी काही?"

"बाकी काय न्हाई."

केडगावच्या पलीकडे त्यांच्या बहिणीची शेवंती होती, आणि शेवंतीला ठिबक होतं. सगळे तिला आत्या म्हणत, मीही म्हणू लागलो. ठेंगणी, हसरी, बोलताना खुरप्यानं जमिनीवर रेघा ओढणारी बाई. मी निरोप सांगितला. ती हसली आणि मला घरात घेऊन गेली. दाराच्या उजव्या बाजूला दिवा होता. डाव्या बाजूला फुलांच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर.

दिवा कसा होता ते मी आप्पांना कधी सांगितलं नाही. आत्यांनी तो अकरा दिवाळ्या चिंचेनं घासला होता. रिबीन पिवळीधमक, पण ते पितळेसारखं पिवळं, सोनं फक्त पानांच्या खाचांत उरलेलं. "दिवाळीला सगळी भांडी घासायची आन् एवढा एकच तसा ठिवायचा व्हय?" आत्या म्हणाल्या. "माजा हाय त्यो. जुन्या घरात दाराच्या ह्या बाजूला मी अभ्यासाला बसायची, त्या बाजूला दादा. सातवीला शाळा सुटली माजी. त्याचा दिवा मी न्हाई मागितला बाळा. माजा मागितला."

मग दादाच्या दिव्याची गोष्ट निघाली. लहानपणी आत्यांनी घरातच विटी कोलली, ती उडून आप्पांच्या बाजूच्या दिव्यावर बसली आणि हाराच्या एका पानाला पोचा पडला. वडलांनी विचारलं, कुणी केलं? आप्पा पुढे झाले. "लई मार खाल्ला त्यानं. माजं नाव न्हाई घेतलं. आज मरेस्तोवर बोलत न्हाई, तवा बी बोलला न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागल्या.

आता मला पुढची गोष्ट सांगायची आहे, ती मला आजही नीट सांगता येत नाही. त्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशीच आत्यांच्या शेतातला पाईप फुटला. काम आटपून निघेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. आत्या ताट घेऊन अंगणात आल्या. निरांजन, सुपारी, अक्षता. पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती, तिला त्यांनी ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. मी गाडीजवळ उभा होतो. ताट खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बघतोस काय? मला भाऊ हाय का न्हाई त्ये त्यालाच जाऊन इचार."

मी शिरूरला आलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चिंच लावलेली दिसली का?"

मला इतका राग आला, की मी त्या महिन्याचं भाडं नानींच्या हातात देऊन आप्पांशी बोलणंच टाकलं. चौथ्या दिवशी तेच खोलीच्या दारात आले. हातात सागवानाचा ठोकळा. "ठिबक," ते म्हणाले, "मी दुसरा दिवा करतो."

"कशाला?"

"जोडी फुटली ही माजी तक्रार हाय ना? पोटात तक्रार ठिवून पाटावर बसता येत न्हाई मला. जोडी पुरी झाली की तक्रार मिटली. मिटली की जातो भाऊबीजेला."

"आप्पा, नुसतं जा ना. तक्रार राहू दे इथं."

"तसं जमत न्हाई," आप्पा म्हणाले. आणि खरंच जमत नसावं. काही माणसांना चूक झाली हे तोंडानं म्हणता येत नाही, ते हातानं काहीतरी करत बसतात.

या करण्यात दोन वर्षं गेली. मागच्या शेडमध्ये दिवा उतरवून कापसावर आडवा ठेवला. दोन वर्षं आप्पांनी त्याची मापं घेतली. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ वस्तूहून केसभर मोठा करावा लागतो. तो केस किती, यावर आप्पांनी तीन वह्या भरल्या. शिंगांचे वेढे मोजले. पानं मोजली. मी म्हणालो, आत्यांच्या दिव्याचा फोटो काढून आणतो, म्हणजे काम सोपं होईल. "तिच्या दिव्याचं कशाला? माज्यासमोर सँपल हाय," आप्पा म्हणाले. "दोनी सेम टू सेम व्हते."

एकदा मी गेलो तेव्हा ते पॅटर्नच्या एका पानावर बारीक कोरणीनं काहीतरी करत होते. जवळ जाऊन पाहिलं तर पोचा. विटीचा पोचा. आठ दिवस त्याच एका पानावर चालले होते.

"हा नाही घेतला तर नाही का चालणार?" मी मुद्दाम विचारलं.

आप्पांनी मान वर केली नाही. "सँपलमध्ये हाय," म्हणाले.

ओतकाम गावातल्याच एका भट्टीवर झालं. तिथला बिहारी कारागीर पॅटर्न हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "आप्पाजी, एक ही साइड का दो चाहिए क्या?" आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा वाळू चाळू लागला. सँपलवर बोललेलं त्यांना खपत नसे. मीही त्या वेळी त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं.

मुलाम्यावरून घरात महाभारत झालं. जुन्या रीतीप्रमाणे सोनं पाऱ्यात कालवून लावतात आणि तापवतात, पारा धूर होऊन उडतो आणि सोनं मागे राहतं. तो धूर विषारी. आप्पांना तीच रीत हवी होती. नानी म्हणाल्या, "सोनं ऱ्हाईल आन् तुमी उडाल." शेवटी पुण्यात देवांच्या मुखवट्यांना मुलामा देणाऱ्या एका माणसाकडून विजेवर काम करून घेतलं. सोनं म्हणून आप्पांनी निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं दिलेलं नाणं दिलं. एवढे दिवस ते नाणं देव्हाऱ्यात होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी नवा दिवा घरी आला. दोन दिवे शेजारी ठेवले, आणि नुसत्या डोळ्यांनी नवा कुठला ते मला सांगता येईना. आप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी टीव्हीच्या डावीकडे जुना टांगला, आणि उजवीकडच्या मोकळ्या खिळ्यावर नवा. मेणबत्त्या लावल्या. आप्पा चार पावलं मागे आले. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. नानी हात पुसत बाहेर आल्या, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोघं बी चुलीकडं का बघत्यात?"

खरंच. डावीकडच्या एडक्याचं तोंड जरासं उजवीकडे वळलेलं होतं. उजवीकडच्याचंही उजवीकडेच. दोन्ही एडके, एकामागे एक, स्वयंपाकघराकडे तोंड करून.

आप्पा खाली बसले. "तिचा हिकडं बघायचा," असं अगदी हळू म्हणाले. "मधी दार व्हतं. माजा तिच्याकडं बघायचा, तिचा माज्याकडं."

उभं बालपण ज्या माणसानं त्या दिव्यांखाली काढलं, ज्यानं मीटरवाल्याला सिमेट्री शिकवली, त्यानं दोन वर्षं मापं घेऊन उजव्या बाजूला डावा दिवा केला होता. सँपलप्रमाणे. सँपलप्रमाणेच वागायचं म्हटलं, की दुसरंही कुणीतरी समोर होतं हे आठवतच नसावं. मी स्वतः आत्यांकडे तो दिवा दहा वेळा पाहिला होता. मलाही त्याचं तोंड कुठं आहे ते दिसलं नव्हतं. मी त्याच्या चिंचेकडे बघत होतो.

आप्पांनी खिशातून लाल खडू काढला. सोन्यावर नाही, पण दोन्ही दिव्यांच्या मधोमध, टीव्हीच्या वर, भिंतीवर चांगली मोठी फुली मारली.

"काय नापास झालं?" मी भीत भीत विचारलं.

"माप घेणारा," आप्पा म्हणाले. "जोडी न्हाई झाली. आता कसा जाऊ?"

नानी सहसा त्यांना तोंडावर बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "कसा जाऊ म्हंजी? पायानं जा. सगळ्या शेतावर सही केली तिनं, एका शब्दानं बोलली न्हाई. तुमी कवा म्हणला तिला, बाय, माजं चुकलं? एक दिवा मागितला तर तेरा वर्सं तोंड फिरवून बसला. एडक्याला काय बोल लावता?" आणि त्या आत निघून गेल्या. आप्पा फुलीकडे बघत बसून राहिले. मेणबत्त्या त्यांनीच विझवल्या.

भाऊबीजेला दुपारी मी गाडी पुसत होतो, तर आप्पा समोर. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात घोंगडीत गुंडाळलेलं गाठोडं. "केडगावला काम हाय का?" त्यांनी विचारलं. माझं कुठलंच काम नव्हतं. मी म्हणालो, आहे.

न्हावरं मागे पडलं. पुढे गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा मागून आवाज आला, "दोन्ही घेतल्यात. हळू चालीव." चौफुल्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तर गाठोडं मांडीवरून खाली ठेवेनात. चहावाल्याच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. आप्पा त्यावर डुगडुगत बसले, पण हात खडूकडे गेला नाही. तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

आत्या शेवंतीच्या पाट्या रचत होत्या. गाडीवरून कोण उतरतंय ते त्यांनी पाहिलं आणि हातातली पाटी तशीच धरून उभ्या राहिल्या. आप्पा फाटकाशी थांबले. तेरा वर्षांनी बहिणीला काय म्हणावं, याचं सँपल त्यांच्याकडे नव्हतं.

"चिंच लावलीस का?" ते म्हणाले.

"लावली," आत्या म्हणाल्या. "ये आत."

आत गेल्यावर दाराच्या उजव्या बाजूला त्यांचं लक्ष गेलं. आप्पा त्या दिव्याजवळ गेले. सोनं गेलेल्या रिबिनीवर, घासून गुळगुळीत झालेल्या शिंगांवर त्यांनी बोट फिरवलं. कॅलिपर खिशात होतं, ते निघालं नाही. मग वळून म्हणाले, "बरा हाय." आयुष्यात त्यांनी दिलेलं हे पहिलं खोटं सर्टिफिकेट.

आत्यांनी पाट मांडला. आप्पा त्यावर बसले, गुडघा वाजला. आत्यांनी कुंकू लावलं, ते आप्पांच्या भुवईवर लागलं. निरांजन ओवाळताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. बाहेर कोर दिसू लागली असणार. त्या दिवशी तिच्याकडे कुणी गेलं नाही.

ताटात ओवाळणी घालायची वेळ आली. आप्पांनी घोंगडी सोडली आणि दोन्ही दिवे आत्यांसमोर ठेवले. "ह्यातला एक तुजा," म्हणाले. "म्हंजी आज्याचा व्हता त्यो घे. जुना. तुज्या बाजूला तुजा हाय, माज्या बाजूला माजा लाव. दोगं समूर समूर ऱ्हातील. मी केलेला माज्याकडं राहील." मग खाली बघत म्हणाले, "शेतावर सही घेतली तवा काय बोललो न्हाई मी तुला. बोलायला पायजे व्हतं. चुकलं माजं."

आत्यांनी दोन्ही दिवे खिडकीशी नेले. उजेडात धरले. मग बोट सवयीनं हाराच्या त्या एका पानावर गेलं आणि पोच्यात बसलं. त्या हसल्या. तो दिवा खाली ठेवला, दुसरा उचलला. बोट पुन्हा त्याच पानावर गेलं आणि पुन्हा पोच्यात बसलं.

त्यांनी एकदा या दिव्याकडे पाहिलं, एकदा त्या दिव्याकडे. नव्या सोन्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "माजी विटी ह्याला कवा लागली रं?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"सँपलमध्ये व्हती," ते म्हणाले.

आत्यांनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आणि त्या खिळ्यावर जुना नाही, तो नवा दिवा टांगला.